नजर ६/६ असूनही अरुंधती का दिसत नाही?

मृगनक्षत्र

चैत्र-वैशाखात रात्री नऊ-दहाच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला चांगले वर आलेले असतात. महाराष्ट्रातून वसिष्ठ तारा क्षितिजापासून पन्नास अंशांच्याही वर चढतो, त्यामुळे शहरातल्या गच्चीवरूनही इमारतींची फारशी अडचण होत नाही. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला खेटून अरुंधती. लग्नात सप्तपदीनंतर वधूवरांना दाखवायची ती हीच.

आकाशदर्शनाला येणाऱ्या लोकांत एक गोष्ट मी नेहमी पाहतो. आयुष्यात कधी चष्मा न लागलेली तरुण मुलं वसिष्ठाकडे टक लावून बघतात आणि "एकच तारा आहे" म्हणतात. शेजारी जाड चष्म्याची बाई मात्र लगेच "ती काय, अगदी शेजारीच" म्हणून सांगते.

आता गणित बघा. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यातलं अंतर आकाशात सुमारे १२ कला आहे. एका अंशाच्या ६० कला. पूर्ण चंद्राची रुंदी साधारण ३० कला. निरोगी डोळ्याला दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येण्याची मर्यादा १ कला मानतात. म्हणजे अरुंधती ही मर्यादेच्या बारापट सोपी जोडी! तिला 'डोळ्यांची परीक्षा' म्हणण्यात काहीच अर्थ नसायला हवा. तरी लोक नापास होतात, आणि शहरात जास्त होतात.

माझं मत असं की आपण 'नजर' म्हणून एकच गोष्ट मोजतो, पण त्यात दोन वेगळ्या क्षमता आहेत. एक बारीक तपशील सुटा करण्याची, दुसरी फिक्यातला फिका फरक ओळखण्याची. दुसरीबद्दल आपण जवळजवळ बोलतच नाही. इथे डोळ्यांच्या क्षेत्रातलं कुणी असेल तर सविस्तर लिहावं.

रानवाटा

धागा आवडला. मला हरिश्चंद्रगडावरून दिसते, डोंबिवलीहून दिसत नाही. डोळे तेच. वाचतोय.

नेत्रपल्लवी

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारी, रोज हेच काम. आधी ६/६ म्हणजे काय ते नीट सांगते, कारण पेशंट त्याला 'शंभर टक्के नजर' समजतात.

भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ मध्ये आणला. त्याचा नियम साधा आहे. ६/६ च्या ओळीतलं अक्षर ६ मीटरवरून बरोबर ५ कलांचा कोन करतं, आणि त्याची प्रत्येक रेघ किंवा फट १ कलेची असते. प्रत्यक्षात ते अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं. वरचं ६/६० चं मोठं अक्षर दहापट, म्हणजे ५० कला उंच आणि रेघ १० कलांची. यावरून अरुंधतीची जागा बघा: १२ कलांची फट ही ६/६० च्या अक्षरातल्या फटीपेक्षाही मोठी आहे. मृगनक्षत्र म्हणतात ते बरोबर, बारकाव्याच्या दृष्टीने ही परीक्षा फारच सोपी आहे.

पण एक अट आहे. तक्ता उजेडात वाचतात, तारा अंधारात. उजेडात बाहुली २-३ मिमी असते, अंधारात तरुण माणसाची ६-७ मिमीपर्यंत उघडते. डोळ्याला थोडा मायनस नंबर असेल तर ताऱ्याचा बिंदू डोळ्याच्या आतल्या पडद्यावर बिंदू राहत नाही, त्याची चकती होते, आणि ती चकती बाहुलीच्या रुंदीच्या प्रमाणात वाढते. हिशोब सोपा आहे: बाहुली मीटरमध्ये गुणिले नंबर, म्हणजे चकतीचा कोन रेडियनमध्ये. ६ मिमी बाहुली आणि -१ नंबर असेल तर चकती होते सुमारे २० कलांची. वसिष्ठाच्या त्या चकतीत अरुंधती पूर्ण बुडते. -०.५ लाही चकती १० कलांची होते, दोन्ही तारे एकमेकांना टेकायला आलेले.

तुमच्या कार्यक्रमातली ती चष्मेवाली बाई म्हणूनच पास होते. तिचा नंबर पूर्ण दिलेला आहे. 'मला चष्मा लागतच नाही' म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी डोळे कधी तपासलेलेच नसतात, किंवा पापण्या बारीक करून ६/६ ची ओळ वाचलेली असते. शिवाय काही डोळे अंधारात दिवसापेक्षा जास्त मायनस होतात. हे नवं नाही, भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी स्वतःच्या डोळ्यांबद्दल १८८३ मध्ये लिहून ठेवलं आहे.

मृगनक्षत्र

नेत्रपल्लवीताई, हा हिशोब फार मोलाचा आहे. -०.५ नंबर म्हणजे 'काही नाही' असं समजून लोक चष्मा घालत नाहीत आणि मग आकाश त्यांना अर्धंच दिसतं.

जुनी दुर्बीण

नंबराचं झालं. रानवाटांच्या डोंबिवलीचं उत्तर मात्र वेगळं आहे. तिथे डोळे तेच, नंबर तोच, तारेही तेच.

डोळा 'किती प्रकाश आला' हे मोजत नाही, 'शेजारपेक्षा किती जास्त आला' हे मोजतो. ताऱ्याचं तेज 'प्रती'त मोजतात, आकडा जितका मोठा तितका तारा फिका. अरुंधतीची प्रत ४.०, वसिष्ठाची २.२. म्हणजे वसिष्ठ तिच्यापेक्षा साधारण पाचपट तेजस्वी. काळ्याकुट्ट आकाशात डोळा सहाव्या प्रतीपर्यंत जातो, तिथे अरुंधती ठळक असते. शहरात हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर दिव्यांचा उजेड विखुरतो आणि आकाशाची पार्श्वभूमीच उजळते. अरुंधतीचा प्रकाश फारसा कमी झालेला नसतो, पण तिचा आणि पार्श्वभूमीचा फरक ओळखण्याच्या रेषेखाली जातो. इथे ६/५ नजर असली तरी उपयोग नाही. हरवतो तो कॉन्ट्रास्ट, म्हणजे हा फरक.

दोन गोष्टी करून बघा. पहिली, अंधारात किमान अर्धा तास थांबा, मोबाइल न काढता. पडद्यावरच्या उजेडात बघणाऱ्या शंकुपेशी दहाएक मिनिटांत सरावतात, अंधारात बघणाऱ्या दंडपेशींना तीस-चाळीस मिनिटं लागतात. दुसरी, फिक्या ताऱ्याकडे थेट बघू नका, किंचित बाजूला बघा. नजरेच्या बरोबर मध्यावर, पीतबिंदूच्या खळग्यात, दंडपेशी नसतातच. जुने निरीक्षक हे हाडात मुरल्यासारखं करतात.

आणि ज्यांना जमेल त्यांनी पेंचला जावं. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (अंधारं आकाश जपणारं उद्यान) म्हणून मान्यता मिळाली. आपल्या राज्यात असं आकाश जपलं जातंय याचा मला मनापासून आनंद आहे.

ज्यांना खरोखर बारकाव्याचीच परीक्षा द्यायची आहे त्यांनी अरुंधती सोडून अभिजित ताऱ्याजवळची एप्सिलॉन लायरी ही जोडी बघावी. दोन्ही तारे जवळपास सारखेच फिके, अंतर फक्त साडेतीन कला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी वायव्येला मिळते. गावाकडच्या आकाशात, पूर्ण नंबराच्या चष्म्यासह.

रानवाटा

बाजूला बघण्याची युक्ती आजच करून बघतो. वाचनखूण साठवली.

माजघर

थोडं घरचं लिहिते. माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत. गेल्या उन्हाळ्यात गावी अंगणात बसलो असताना नातवाला अरुंधती दाखवायला गेल्या आणि त्यांनाच ती दिसेना. तेव्हापासून मनातून खचल्या आहेत. आमच्याकडे म्हणतात की ज्याला अरुंधती दिसेनाशी होते त्याचे दिवस भरत आले. डोळे तपासले होते, ६/९ आहे, 'वयाच्या मानाने उत्तम' असं सांगितलं. पण त्यांची तक्रार कायम आहे: पायऱ्या कळत नाहीत, समोरचा माणूस दारात उभा राहिला तर चेहरा ओळखू येत नाही.

मृगनक्षत्र

माजघर, आजींना हे जरूर सांगा. तो समज जुना आहे, सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अरुंधती, ध्रुव आणि आकाशगंगा न दिसणं हे गतायुष्याचं लक्षण म्हणून आलं आहे. ज्या काळात मोतीबिंदू म्हातारपणासोबत यायचा आणि म्हातारपण फार लांबायचं नाही, त्या काळात असं निरीक्षण कुणी केलं तर नवल नाही. आज त्या दोन गोष्टींचा संबंध तुटला आहे. डोळ्यावर उपचार होतात आणि माणूस पुढे वीस वर्षं जगतो. त्यांच्या मनातली भीती आधी काढा.

नेत्रपल्लवी

माजघर, तुम्ही लिहिलेल्या दोन्ही तक्रारी मला नेमक्या वाटतात, म्हणून थोडं विस्ताराने.

तक्त्यावरची अक्षरं काळीभोर असतात, कागद पांढराशुभ्र. कॉन्ट्रास्ट जवळजवळ शंभर टक्के. जगात असं काही नसतं. सिमेंटच्या पायरीची कड आणि खालच्या पायरीचा पृष्ठभाग यांत फरक पाच-दहा टक्क्यांचा असेल. गालाची सावली, नाकाची कड, भुवईखालचा खळगा हे फरकही फिकेच, आणि मागून उजेड आला की आणखी फिके. आजी शंभर टक्के फरकाची बारीक अक्षरं वाचतात, पण पाच टक्क्यांची मोठी पायरी त्यांना दिसत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

हे मोजताही येतं. १९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये कॅम्पबेल आणि रॉबसन यांनी लोकांना उभ्या पट्ट्यांची चित्रं दाखवली. पट्ट्या कधी रुंद, कधी बारीक, आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक हळूहळू कमी करत नेलेला. सर्वांत फिक्या पट्ट्या ओळखता आल्या त्या मधल्या जाडीच्या, एका अंशात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तीन ते पाच जोड्या असलेल्या. हात लांब करून करंगळी धरली तर तिची रुंदी साधारण एक अंश. तेवढ्या जागेत तीन-चार जोड्या असतील तर निरोगी डोळा एक टक्क्याहून कमी फरकही पकडतो. पट्ट्या बारीक होत गेल्या की फरक वाढवावा लागतो, आणि अंशाला साठ जोड्यांच्या आसपास पूर्ण काळं-पांढरं असूनही सगळं राखाडी दिसतं. फार रुंद पट्ट्यांनाही डोळा कमीच दाद देतो, हे लोकांना पटत नाही पण खरं आहे. या सगळ्याचा आलेख काढला तर नेहमीचा तक्ता त्या वक्राचं फक्त एक टोक मोजतो. ज्या भागात चेहरे आणि पायऱ्या असतात तो भाग तपासलाच जात नाही.

त्यासाठी पेली-रॉबसन तक्ता आहे, १९८८ चा. त्यात सगळी अक्षरं एकाच आकाराची, जवळपास पाच सेंटिमीटर, एक मीटरवरून वाचायची. तीन-तीन अक्षरांचे गट फिके होत जातात. गुण लॉगमध्ये (लॉगरिदममध्ये) असतात, जितके जास्त तितकं फिकं वाचलं: २.० म्हणजे एक टक्का कॉन्ट्रास्टपर्यंत वाचलं. १.५ च्या खाली आलं की आम्ही कान टवकारतो, १.० च्या खाली रोजचं चालणं-फिरणं अडतं.

मोतीबिंदूची सुरुवात, काचबिंदू, मधुमेहाने पडद्यावर झालेला परिणाम, डोळ्याच्या नसेची सूज, या सगळ्यांत ६/६ किंवा ६/९ टिकून असताना कॉन्ट्रास्ट आधी घसरू शकतो. आणि आजार नसला तरी साठीच्या माणसाच्या पडद्यावर विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाशच पोहोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होतं. आजींना बाहुली मोठी करून पूर्ण तपासणी करून घ्या आणि कॉन्ट्रास्टची तपासणी हवी असं स्पष्ट सांगा. 'वयाच्या मानाने उत्तम' या उत्तरावर थांबू नका.

प्रयोगवही

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. जुनी दुर्बीण यांच्या 'शेजारपेक्षा किती' या वाक्यामागची यंत्रणा इतकी सुंदर आहे की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या आसपास, मेंदूकडे जाणारे तंतू मात्र साधारण दहा लाख. म्हणजे सगळं जसंच्या तसं पाठवणं शक्यच नाही, काहीतरी निवड करावी लागते. काय निवडलं जातं, त्याचा पहिला पुरावा हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाच्या डोळ्यातून मिळाला. केफर हार्टलाइन यांनी दाखवलं की एक घटक प्रकाशाने उत्तेजित झाला की तो शेजाऱ्यांना दाबतो. या कामाला १९६७ चं नोबेल मिळालं. १९५३ मध्ये स्टीफन कफलर यांनी मांजराच्या पडद्यात असंच पाहिलं: एका पेशीला मध्यभागी प्रकाश पडला तर ती जोरात बोलते, भोवतालच्या कड्यावर पडला तर गप्प होते. मध्य आणि कडं दोन्ही सारखेच उजळले तर जवळजवळ काहीच बोलत नाही. सपाट भिंतीबद्दल मेंदूला फारसं कळवायचं नाही, कडेबद्दल कळवायचं. नेत्रपल्लवींनी रुंद पट्ट्यांबद्दल लिहिलं, त्याचं कारण यातच आहे. पट्टी या कड्यापेक्षा खूप मोठी झाली की मध्य आणि भोवताल सारखेच उजळतात.

याचा उपयोग किती मोठा आहे ते वर्तमानपत्रावर बघा. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, घरात संध्याकाळी दोन-तीनशे. शाई पाच टक्के प्रकाश परतवते असं धरलं तरी उन्हातल्या काळ्या अक्षरावरून येणारा प्रकाश घरातल्या कोऱ्या कागदावरून येणाऱ्या प्रकाशापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. तरी अक्षर काळंच दिसतं आणि कागद पांढराच. डोळा फरकांवर चालतो म्हणून हे शक्य होतं.

किंमतही मोजावी लागते. पीतबिंदूच्या खळग्यात प्रत्येक शंकुपेशीला जवळजवळ स्वतंत्र वाट असते, म्हणून तिथे बारकावा. तिथे त्या अर्ध्या कलेच्या अंतराने दाटीने बसलेल्या असतात, अंशाला साधारण १२०. एक काळी, एक पांढरी अशी जोडी ओळखायला किमान दोन हव्यात, म्हणून साठ जोड्यांची ती मर्यादा. अंधारात बघणाऱ्या दंडपेशी मात्र शेकड्यांनी एकत्र येऊन आपला प्रकाश एका वाटेवर ओततात. फिकं दिसतं, पण बारकावा जातो. निव्वळ दंडपेशींची नजर ६/६० च्या आसपास असते. बाजूला बघून अरुंधती सापडते, कारण तिच्यासाठी तेवढा बारकावा पुरतो. एप्सिलॉन लायरीला पुरणार नाही.

मृगनक्षत्र

प्रयोगवही, शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. बाजूला बघितलं की फिका तारा दिसतो पण जोडी फुटत नाही, हा निरीक्षकांचा अनुभव आहे. त्याचं कारण इतक्या स्वच्छ शब्दांत पहिल्यांदा वाचलं.

अक्षरवेडा

छपाईच्या बाजूने एक मुद्दा. रोमन अक्षरांच्या तक्त्यात ओळखीची खूण अक्षराच्या उंचीच्या एक पंचमांश असते. देवनागरीत तसं नाही. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांतला फरक शिरोरेषेजवळच्या एका छोट्या गाठीत किंवा फटीत असतो. अनुस्वार तर नुसता टिंब. म्हणजे तितक्याच उंचीच्या अक्षरासाठी आपल्या लिपीला जास्त बारकावा लागतो. त्यात शिरोरेषा सगळं जोडून टाकते, आणि अक्षरं दाटली की डोळ्याला ती सुटी करता येत नाहीत. हरमन बाउमा यांनी १९७० मध्ये दाखवलं होतं की नजरेच्या मध्यापासून एखादं अक्षर जितकं दूर, त्याच्या साधारण निम्म्या अंतरात दुसरी अक्षरं आली तर ते ओळखता येत नाही, मग ते कितीही ठळक असो.

फलक बनवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: राखाडीवर फिकट निळी देवनागरी छापू नका. बारीक खुणा आणि कमी कॉन्ट्रास्ट एकत्र आले की ज्येष्ठांना काहीच उरत नाही. औषधांच्या पट्ट्यांवर चंदेरी पार्श्वभूमीवर छापलेली मुदत हा यातला सगळ्यात धोकादायक नमुना.

माजघर

औषधाच्या पट्टीबद्दल अगदी खरं. आमच्याकडे मीच वाचून पाकिटावर काळ्या मार्करने लिहून ठेवते.

कोल्हापुरी मिरची

जरा वेगळा प्रश्न. ५५ इंची ४के टीव्ही घ्यायचा आहे, बैठक तीन मीटरवर. फरक दिसेल का?

जुनी दुर्बीण

५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंमी रुंद, त्यात ३८४० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ०.३२ मिमी. एका कलेच्या हिशोबाने तो १.१ मीटरच्या पलीकडे सुटा दिसत नाही. एक कला ही कडक मर्यादा नव्हे. २०२५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी काळ्या-पांढऱ्यासाठी मोजलेली मर्यादा अंशाला ९४ पिक्सेल आली, ६० नव्हे. तीही धरली तरी १.७ मीटर. तीन मीटरवरून तुम्हाला जास्तीचे पिक्सेल दिसणार नाहीत. काळा रंग किती काळा दाखवतो ते दुकानात दिवे मंद करायला सांगून बघा, पैसे त्यासाठी द्या.

पैलतीर

अमेरिकेतून लिहितेय, इथे दृष्टिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करते. तारे आणि डोळे यांचा एक खरा सांधा इथे यायला हवा.

हवेच्या हालचालीने तारे थरथरतात. ते दुरुस्त करण्यासाठी आकार बदलणाऱ्या आरशाची कल्पना होरेस बॅबकॉक या खगोलशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये मांडली. पुढे रॉचेस्टर विद्यापीठात डेव्हिड विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी तेच तंत्र डोळ्याकडे वळवलं. डोळ्याचं भिंग आणि बुबुळ यांचे बारीक दोष आरशाने खोडून १९९७ मध्ये जिवंत माणसाच्या डोळ्यातल्या एकेक शंकुपेशीची चित्रं प्रसिद्ध केली. त्याच आरशातून उलट बाहेर पाहिलं तर लोकांना नेहमीपेक्षा बारीक आणि फिके नमुने दिसले. म्हणजे आपल्या पडद्याची कुवत समोरच्या भिंगापेक्षा जास्त आहे.

त्याआधी कॅम्पबेल आणि ग्रीन यांनी १९६५ मध्ये लेझरने पट्ट्या थेट पडद्यावरच पाडून हेच सुचवलं होतं. मला तो प्रयोग आजही विलक्षण वाटतो. डोळ्याचं भिंग बाजूला ठेवून नुसत्या पडद्याला विचारायचं, तुला काय दिसतं?

माजघर

सगळ्यांचे आभार. सासूबाईंची पूर्ण तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि अक्षरं फिकी होत जाणाऱ्या तक्त्यावर १.२ आलं. डॉक्टर शस्त्रक्रिया करू म्हणतात. मल्टिफोकल लेन्स घ्यावी का साधी, असं विचारलंय. चष्मा सुटेल म्हणून मुलांना मल्टिफोकल हवी आहे. काय करावं?

नेत्रपल्लवी

निर्णय डॉक्टरांचाच, पण विचारायचं काय ते सांगते. मल्टिफोकल लेन्स येणारा प्रकाश दूर आणि जवळ असा वाटून टाकते. म्हणून चष्मा सुटतो, पण कॉन्ट्रास्ट थोडा कमी होतो आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. पडदा आणि नस निरोगी असतील तर अनेकांना ते चालतं. आजींच्या डोळ्यात काचबिंदू किंवा पीतबिंदूचा काही दोष निघाला तर हातात असलेला कॉन्ट्रास्ट वाटून टाकणं परवडत नाही. तेव्हा बहुतेक सर्जन साधी मोनोफोकल (एकाच अंतरासाठीची) लेन्सच सुचवतात आणि वाचायला चष्मा देतात. पायऱ्या आणि चेहरे ही त्यांची मुख्य अडचण आहे, पोथी चष्म्याने वाचायला त्यांची हरकत नसेल, हे डॉक्टरांना नेमकं याच शब्दांत सांगा. पडद्याचा ओसीटी स्कॅन (पडद्याच्या थरांचं चित्र) आधी झालाय का तेही विचारा. एकदा बसवलेली लेन्स बदलणं सोपं नसतं, म्हणून हे बोलणं तारीख ठरवण्याआधी व्हायला हवं.

तोपर्यंत घरात दोन गोष्टी करा. पायऱ्यांच्या कडांना पिवळी किंवा पांढरी रुंद पट्टी लावा, जी रंगाने पायरीपासून ठळक वेगळी दिसेल. आणि त्यांना भात पांढऱ्या ताटलीत वाढू नका, गडद रंगाची ताटली घ्या.